बिनछपराचे मठ

वसईच्या किल्ल्यात कधी पाऊल न टाकलेल्या माणसानेही तो किल्ला पाहिलेला असतो. शाहरुख खानचा 2000 सालचा 'जोश' आठवा. पुढच्या वर्षीचा 'लव्ह के लिए कुछ भी करेगा', रामगोपाल वर्मांनी 'शोले'वरून काढलेला 'आग', आणि 2016 च्या जानेवारीत जगभर पाहिले गेलेले कोल्डप्लेचे 'हिम फॉर द वीकेंड' हे गाणे, या सगळ्यांत वसईचे दगड आहेत. मालिका आणि जाहिरातींची तर गणतीच नाही. नायिकेला पडणारे वाईट स्वप्न, खलनायकाचा अड्डा, ताटातूट होणाऱ्या प्रेमिकांची शेवटची भेट, असे काही दाखवायचे झाले की मुंबईच्या मालिकावाल्यांना ही जागा हाकेच्या अंतरावर मिळते. शेजारी नायगावला त्यांचे स्टुडिओ आणि सेट आहेतच. पडद्यावर या कमानी कधी गोव्यातल्या असतात, कधी झपाटलेल्या हवेलीच्या, आणि बहुतेक वेळा कुठल्याच गावच्या नसतात. प्रत्यक्षात त्या चर्चच्या आणि मठांच्या आहेत. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या पंथांचे संन्यासी इथे घंटेच्या ठोक्यावर उठले, जेवले, प्रार्थनेला बसले आणि इथेच पुरले गेले.

नाशिककरांना हे अधिक जवळचे वाटायला हवे, कारण त्यांतली एक घंटा आपल्याकडे आहे. पंचवटीत गोदावरीच्या काठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले. देऊळ रामेश्वराचे, पण सगळे गाव त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणते. नदीकडच्या तटावरच्या कमानीत जी प्रचंड घंटा टांगली आहे, ती 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयातून आलेली म्हणून ओळखली जाते. तिच्यावर 1721 हे साल युरोपीय आकड्यांत उमटवलेले आहे. 1969 च्या महापुराच्या गोष्टी सांगताना जुनी माणसे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे नाव घेतात, तसेच नारोशंकराच्या घंटेचेही घेतात. मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणणारे आपण, ती घंटा मुळात कोणाला हाक मारत होती हे मात्र विचारत नाही. ते विचारायचे तर वसईला जाणे भाग आहे.

नाशिकहून कसारा घाट उतरून भिवंडीकडे गेले आणि तिथून वज्रेश्वरीचा रस्ता धरला, की वसईच्या मोहिमेची गोष्ट वाटेतच सुरू होते. चिमाजी अप्पांनी वसई हाती आल्यास देवीचे देऊळ बांधीन असा नवस केला होता, असे सांगतात. तो फेडला गेला, आणि आज टेकाडावर दगडी पायऱ्यांचे, किल्ल्यासारख्या दरवाजाचे देऊळ उभे आहे. गरम पाण्याच्या कुंडांमुळे इथे वर्षभर गर्दी असते. विजयाचे देऊळ आधी आणि जिंकलेले ठाणे नंतर, असा हा उलटा प्रवास मला आवडला. विजय किती महाग पडला असेल याचा अंदाज घेऊनच माणूस वसईत शिरतो.

वसई गाव ओलांडले की रस्ता थेट किल्ल्यातून जातो. ही या किल्ल्याची गंमतही आहे आणि दुखणेही. तटाच्या आतून रिक्षा, दुचाक्या, मासळीचे टेम्पो चाललेले असतात, कारण पलीकडे पाचूबंदरचा कोळीवाडा आणि जेट्टी आहे. दोन्ही बाजूंना ताड, भोकर, चिंच, आणि त्या झाडीतून अधूनमधून डोकावणाऱ्या उंच भिंती. नाव लिहिलेली पाटी दिसली तर दिसली. चिमाजी अप्पांचे स्मारक मात्र नीट राखलेले आहे. त्यांच्या पुतळ्यापुढे शाळेची मुले रांगेत उभी राहून फोटो काढत होती. जवळच मराठ्यांच्या काळातले नागेश्वराचे देऊळ. तिथे रोज पूजा होते, फुले असतात, दिवा असतो. मठांच्या वाट्याला असा रोजचा माणूस उरलेला नाही.

डिसेंबर 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. हुमायून दाराशी आल्यामुळे त्याला समुद्रावर शत्रू नको होता. पोर्तुगीजांकडून तह करणारा नुनो द कुन्हा. पुढच्या दोन शतकांत हे ठाणे इतके वाढले, की गोव्याखालोखाल त्याचा मान. उत्तरेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार इथून चाले, म्हणून त्याला उत्तरेचा दरबार म्हणत. लष्करी ठाणे म्हणून सुरू झालेले हे गाव बघता बघता चर्चचे गाव झाले. तटाच्या आत कॅथेड्रल, संन्याशांचे मठ, पाठशाळा, रुग्णालय, अनाथांसाठी व्यवस्था. हे सगळे एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर.

मठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शृंगेरी येते किंवा एखाद्या महाराजांचा आश्रम येतो. युरोपातल्या मध्ययुगाने घडवलेला मठ वेगळा होता, आणि वसईतले मठ त्याच साच्यातले. मधोमध मोकळा चौक, चौकाच्या चारी बाजूंना कमानींची ओसरी, ओसरीमागे खोल्या, एका अंगाला चर्च. चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला हा आराखडा शिकवावा लागत नाही. ओसरीवरून चालत जप करायचा, चौकातल्या विहिरीचे पाणी काढायचे, भोजनगृहात न बोलता जेवायचे, आणि घंटा झाली की चर्चमध्ये जायचे. दिवसाला आकार घंटेमुळे येई. म्हणून मठाची घंटा काढून नेणे म्हणजे त्याचे घड्याळ नेणे आणि त्याचा आवाजही नेणे.

फ्रान्सिस्कनांचे सांत अंतोनियोचे चर्च मी सगळ्यात जास्त वेळ पाहिले. सोळाव्या शतकाच्या मध्याला अंतोनियो द पोर्तो या धर्मगुरूने इथे पंथाची बैठक घातली. चर्चचे छप्पर केव्हाच गेले आहे. पण छप्पर पेलणाऱ्या आडव्या दगडी कमानी भिंतीपासून भिंतीपर्यंत अजून उभ्या आहेत, आणि त्यांच्यामधून सरळ आकाश दिसते. कॅमेऱ्याला हीच जागा सर्वांत प्रिय का, ते तिथे उभे राहिल्यावर लगेच कळते. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन एका बाजूने येते, कमानींच्या सावल्या समोरच्या भिंतीवर एकीमागे एक पडतात आणि कोणत्याही दिव्यावाचून चित्र तयार होते. भिंतींचा मूळ चुन्याचा गिलावा काही ठिकाणी टिकून आहे, बाकीच्या ठिकाणी आतला काळा दगड आणि लाल चिरा उघडा पडला आहे.

पण या चर्चची खरी दौलत पायांखाली आहे. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे, काहींवर घराण्यांची चिन्हे. बऱ्याच शिळांची सुरुवात 'सेपुल्तुरा' या शब्दाने होते, म्हणजे थडगे. पुढे माणसाचे नाव, आणि काही ठिकाणी हे थडगे त्याचे आणि त्याच्या वारसांचे आहे अशी नोंद. लिस्बनहून महिनोन्महिने समुद्र कापून आलेल्या माणसाने आपल्या नातवंडांसाठीही वसईच्या मातीत जागा राखून ठेवली होती. 1739 च्या मे महिन्यात ते वारस गाव सोडून गेले. एका शिळेवरचा मजकूर मी बोटाने चाचपून पाहिला. मधली अक्षरे कोरलेली स्पष्ट होती आणि कडेची झिजून सपाट झाली होती. लोक चालतात ते कडेने.

त्या सकाळी तिथे एका मालिकेचे शूटिंग होते. रस्त्याच्या कडेला जनरेटरची गाडी, व्हॅनिटी, जेवणाचा टेम्पो. जनरेटरपासून निघालेल्या जाड केबली झाडीतून चर्चच्या दारात, दारातून शिळांवरून थेट वेदीच्या जागेपर्यंत गेलेल्या. कटर आणि थर्माकोलचे पांढरे तक्ते घेतलेली पोरे, ट्रॉलीचे रूळ मांडणारे सेटिंगदादा, धुराचे मशीन, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर संवादाचे कागद हातात घेऊन बसलेली नायिका. युनिटची शिस्त पाहण्यासारखी असते. पहाटे निघालेली माणसे, तीन-चार मिनिटांच्या दृश्यासाठी अर्धा दिवस, आणि कोणी कोणावर ओरडत नाही. चहा देणाऱ्या स्पॉटदादाने मलाही कप दिला. हे कोणते ठिकाण आहे असे मी त्याला विचारले. "किल्ला आहे ना, वसईचा," तो म्हणाला. चर्च कोणाचे, मठ कोणाचा, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि ते त्याने माहीत करून घ्यावे अशी अपेक्षा करणेही चूक आहे. दिग्दर्शकाच्या हातातल्या कागदावरही फक्त 'खंडहर' असे लिहिलेले होते.

मग एक पोरगा काळे कापड ताणून बांधायला दगडाच्या फटीत लोखंडी खिळा ठोकू लागला. दोन ठोके बसले असतील, तेवढ्यात पहारेकरी धावत आला. "ए दादा, काढ तो. दगड चारशे वर्षांचा आहे, तुझा खिळा उद्याचा नाही." पोराने खिळा काढला, माफी मागितली, कापड स्टँडला बांधले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण पहारेकरी त्या वेळी पलीकडच्या टोकाला असता तर खिळा बसला असता, आणि असे खिळे बसलेले भिंतीत इतरत्र दिसतातही.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. संरक्षित स्मारकात चित्रीकरण करायचे तर परवाना लागतो, शुल्क आणि अनामत भरावी लागते. 1958 च्या कायद्याखाली 1959 साली जे नियम झाले, त्यांत एक महत्त्वाची अट आहे: चित्रीकरण स्मारकाच्या आतल्या भागात करता येणार नाही, आणि आतला भाग म्हणजे कोणत्याही प्रकारचे छप्पर असलेला भाग. अजिंठ्याच्या लेण्यासाठी किंवा एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासाठी ही अट अगदी योग्य आहे. रंग, कोरीवकाम, जुनी हवा सगळे छपराखालीच असते. पण वसईत छप्परच गेलेले आहे. सांत अंतोनियोच्या चर्चमध्ये, वेदीपुढे, थडग्यांच्या शिळांवर उभे राहिले तरी डोक्यावर आकाशच. नियमाची अक्षरे धरली तर हा आतला भाग ठरत नाही. ज्या वास्तूने सर्वांत जास्त गमावले, तिलाच सर्वांत कमी आडोसा मिळाला. मला हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. छपराऐवजी जमीन पाहायला हवी. जिथे माणसे पुरलेली आहेत तो भाग आतलाच मानला पाहिजे, वर काही असो वा नसो.

छप्पर जाण्याची गोष्ट नुसती मराठ्यांच्या तोफांची नाही. मे 1618 मध्ये या किनाऱ्यावर मोठे वादळ आले आणि वसईतल्या चर्चवरची छपरे तेव्हाही उडाली होती. ती पुन्हा घातली गेली, कारण घालणारी माणसे तिथे राहत होती. 1739 नंतर ती माणसे राहिली नाहीत. कोकणातल्या चार पावसाळ्यांत न शाकारलेल्या कौलांचे काय होते, ते कोणालाही सांगायला नको. पुढे 1780 च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तहात परत केला. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. मठ तोवर पडके झाले होते. आज भिंतींचा मोठा शत्रू पिंपळ आणि वड आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी फटीत रुजते, मूळ आत शिरते, आणि चुना सैल झाला की चिरा ढासळतो. खात्याने काही भिंती चुन्यात पुन्हा बांधून घेतल्या आहेत. स्थानिक तरुण झाडोरा काढतात, मोहिमा करतात. पण किल्ल्याचा विस्तार पाहता ते काम संपणारे नाही.

कॅमेऱ्याने जे मठ निवडले, त्यांचा इतिहास निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. अंतोनियो द पोर्तो आणि त्याच्या सोबत्यांनी या मुलखात देवळे पाडली. बोरिवलीजवळचे मंडपेश्वरचे शैव लेणे त्यांनी चर्च करून टाकले, आणि त्यावर मठ चढवला. ते अवशेष आजही डोंगरावर दिसतात. धर्मांतराची सक्ती झाली, धर्मन्यायालयाचा धाक होता. चिमाजी अप्पांची मोहीम त्या धाकाविरुद्धचीही होती. 1737 पासून चाललेली ती लढाई 1739 च्या वसंतात वसईच्या तटाशी आली. सुरुंग लावून सांत सेबास्तियन बुरुजाकडची बाजू फोडली गेली, हजारो माणसे पडली, आणि मेच्या मध्याला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना निशाणे फडकावत, सामानसुमानासह बाहेर जाऊ देण्यात आले. ही माणुसकी आपल्या इतिहासात ठळकपणे सांगितली पाहिजे. वसईतले मराठी ख्रिस्ती मात्र गेले नाहीत. ते इथलेच होते, इथेच राहिले, आणि त्यांच्या घरांत मराठीच्याच बोली बोलल्या जात राहिल्या. 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच वसईचे; 'सुवार्ता' मासिकाचे त्यांनी अनेक वर्षे संपादन केले. दगड पोर्तुगीजांचे असतील, पण त्यांची आठवण मराठी आहे.

याची खूण जेझुइटांच्या चर्चमध्ये सापडते. बाकीच्या चर्चच्या मानाने हे डागडुजी करून उभे केलेले, दर्शनी भागावर नक्षीचे खांब, आत स्वच्छ जमीन. आता ते गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणून ओळखले जाते. बाप पोर्तुगीज, आई इथली, असा हा मुलगा सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, त्यांच्यासोबत जपानला गेला. तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. पुढे व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात गेला, आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानमध्ये आला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारले गेले, त्यांत तो होता. 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला पहिला कॅथोलिक संत वसईचा, आणि त्याचा सण इथे आजही होतो. एखाद्या वाहिनीने खरी कथा शोधायची ठरवली तर ती याच भिंतींत आहे. कॅमेरा तिच्यासमोर शेकडो वेळा उभा राहिला आणि दुसरीकडे वळला.

कॅथेड्रलचा मनोरा मी खालूनच पाहिला. सांत जोसेफच्या या चर्चची उभारणी 1546 ची. दारावरच्या शिळेत 1601 साल आहे, गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस याच्या काळातल्या पुनर्बांधणीचे. मनोऱ्यात गोल फिरत जाणारा अरुंद जिना आहे, आणि वर जिथे घंटा असायला हवी तिथे रिकामी कमान. खाली गवतात एक जोडपे लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते. छायाचित्रकार दोघांना सांगत होता, "मागची कमान फ्रेममध्ये येऊ द्या." चांगले फोटो येणार होते यात शंका नाही.

वसईच्या घंटांची गोष्ट इथून पुढे महाराष्ट्रभर पसरते, आणि ती पुन्हा कॅमेऱ्यापाशीच येते. भीमाशंकरच्या देवळापुढची घंटा वसईची, तिच्यावर 1729 साल. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या मेणेश्वराच्या देवळाशी टांगलेली घंटाही वसईची, तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. आणि मेणवलीचा घाट म्हणजे हिंदी चित्रपटांचे सर्वांत आवडते गाव. 'मृत्युदंड', 'गंगाजल', 'स्वदेस' यांनी हा घाट देशाला दाखवला. कधी तो बिहारमधला झाला, कधी उत्तर प्रदेशातला. मठ वसईचा राहिला, घंटा घाटावर गेली, आणि दोन्ही ठिकाणी कॅमेरा पोचला. मात्र मेणवलीला एक वेगळी गोष्ट घडली: लोक 'स्वदेस'चे गाव पाहायला येतात, आणि आल्यावर नानांचा वाडा, घाट, घंटा पाहून जातात. पडद्याने गावाचे नाव लपवले तरी लोकांनी ते शोधून काढले. वसईच्या मठांचे तसे झाले नाही. लोकांना किल्ला सापडतो, मठ सापडत नाही.

परदेशात ही सांगड कशी घालतात याचे एक उदाहरण इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबीचे आहे. 1232 साली एला या उमराव विधवेने तिथे संन्यासिनींचा मठ स्थापला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीने तो मोडून काढला, म्हणजे वसईचे मठ उभे राहण्याच्या सुमाराला तो मठ बंद पडला. पुढे तो खासगी घर झाला, आणि त्या घरातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट या मालकाने 1835 मध्ये एका खिडकीचे चित्र कागदी निगेटिव्हवर उतरवले. निगेटिव्हवर आधारलेल्या छायाचित्रणाची सुरुवात एका जुन्या मठाच्या खिडकीतून झाली. आज त्याच ओसरीत हॅरी पॉटरचे हॉगवर्ट्स चित्रित झालेले पाहायला मुले येतात, बीबीसीच्या 'वुल्फ हॉल'चे प्रसंग तिथलेच. 1944 पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, आणि चित्रीकरणातून येणारा पैसा जतनाच्या कामी येतो. येणाऱ्याला आधी मठाची गोष्ट सांगतात, मग चित्रपटाची. एवढेच हवे आहे. त्यासाठी कोणी चित्रीकरण बंद करायला नको.

हे मी नाशिककर म्हणून ठासून सांगतो, कारण भारतीय चित्रपटाचा संसारच आमच्या जिल्ह्यात थाटला गेला. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 30 एप्रिल 1870. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झाल्यावर 1913 मध्येच ते नाशिकला आले, आणि 'लंकादहन'सारखे चित्रपट इथून काढले. त्यांचे स्मारक आहे ते पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. वर डोंगरात चोवीस लेणी, त्यांतली बहुतेक भिक्षूंच्या निवासाची, म्हणजे मठच. नाशिकमध्ये मठ आणि कॅमेरा दोघेही एकाच डोंगराला टेकून आहेत.

आणि मठाची देखभाल कशी करावी याचा धडाही तिथल्याच दगडात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात लेख कोरून ठेवला. त्याने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून गोवर्धनच्या, म्हणजे आजच्या गंगापूरजवळच्या गावच्या, विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब पैशाला पैसा जुळतो. एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसांनी एका वास्तूचे उत्पन्न त्याच वास्तूच्या गरजेला बांधून दाखवले, आणि पुढच्या कोणी हात मारू नये म्हणून तो करार भिंतीवर खोदला.

वसईच्या बाबतीत मागणी याहून वेगळी नाही. किल्ल्यात होणाऱ्या प्रत्येक चित्रीकरणाच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच किल्ल्यातल्या चुन्यासाठी, झाडोरा काढण्यासाठी आणि पहाऱ्यासाठी बांधून द्यावा. थडग्यांच्या शिळांवर ट्रॉली आणि स्टँड ठेवायला बंदी घालावी, छप्पर असो वा नसो. आणि मालिकेच्या शेवटच्या नामावलीत, जिथे केस विंचरणाऱ्यापासून जेवण पुरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतात, तिथे एक ओळ द्यावी: सांत अंतोनियो चर्च, वसई किल्ला. महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्या देणाऱ्यांनी ही ओळ परवान्याची अट केली तर एका आदेशात काम होईल. निर्मात्याचा एक रुपयाही जास्त लागणार नाही. नाशिकला नारोशंकराच्या घंटेखालीही एक मराठी पाटी लावायला पैसे फार लागत नाहीत; महापालिकेने कुंभमेळ्याच्या कामांत ती करून घ्यावी.

तोवर हे आपल्याच हातात आहे. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला किल्ल्याकडे जाणाऱ्या बस आणि रिक्षा मिळतात. पावसाळा संपल्यावर, थंडीत, सकाळच्या वेळी जा, सोबत पाणी आणि मुले घेऊन जा. कॅथेड्रल, गोन्सालो गार्सियाचे चर्च आणि सांत अंतोनियो या तिन्ही ठिकाणी थांबा, नावे मोठ्याने सांगा, आणि सांत अंतोनियोमध्ये चालताना शिळांवर पाय देऊ नका.